बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरात मुलांना घेऊन कुठं जायचं? (अर्ध्या आणि एका दिवसाच्या सहली)

टिळकवाडीची_आई

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नणंद तिच्या दोन मुलांना घेऊन येतेय. आमची दोन धरून चौघं होतात. वयं चार, सात, नऊ आणि बारा. आमच्याकडं पाहुणे आले की ठरलेलं एकच असतं, पहाटे गाडी काढायची आणि चोर्ल्यातून गोवा गाठायचा. घाटात धाकटीला उलट्या होतात, पोचेपर्यंत ऊन चढतं, परत येताना सगळी पोरं पेंगलेली. यंदा सुट्टी इथंच काढायची असं मी घरात सांगून टाकलंय. त्यावर बारा वर्षांचा थोरला म्हणाला, "इथं आहे काय बघायला?" ते मला फार लागलं. जन्मापासून बेळगावात वाढलेल्या पोराला असं वाटावं?

तर सुचवा. अर्ध्या दिवसात होणारं जास्त हवंय. सासूबाई सोबत असतील, त्यांचे गुडघे दुखतात. दोन दिवस गाडी नसेल, तेव्हा रेल्वे-बसनं जमेल असंही सांगा. नुसतं उभं राहून फोटो काढायची ठिकाणं नकोत, पोरांना तिथं काहीतरी करता आलं पाहिजे.

कॅम्पवाला

भुतरामनहट्टीचं राणी चन्नम्मा प्राणीसंग्रहालय यादीत घ्याच. हायवेला लागून आहे. वाघ-सिंह आहेत, पोरं खूश होतात. सकाळी लवकर जा, ऊन वाढलं की जनावरं सावली धरून झोपतात. आठवड्यातून एक दिवस बंद असतं, निघायच्या आधी चौकशी करा. परत येऊन संध्याकाळी मिलिटरी महादेवची बाग. चार वर्षांच्या पोरीला एवढं पुरे.

गल्लीतला_किल्लेदार

ताई, दिवाळी म्हणताय आणि किल्ल्यांचं अजून कुणी काढलं नाही? आपल्या बेळगावात दिवाळीला जेवढे मातीचे किल्ले होतात तेवढे बघायला लांबून माणसं यावीत. आणि तुमच्याकडं तर चार पोरं आहेत, म्हणजे पुरी फौज. त्यांना नुसते दाखवायला नेऊ नका, आधी एक करायला लावा.

कसं करायचं ते सांगतो. वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी सुरुवात करा. दगड-विटांचा ढीग रचून डोंगराचा आकार घ्यायचा, त्यावर जुनी गोणपाटं चिखलात बुडवून पसरायची. माती चाळून घ्या. खडे राहिले तर वाळल्यावर तिथूनच भेगा पडतात. मग पाणी घालून तुडवायची. हे काम सात आणि नऊ वर्षांच्यांना द्या, दुपारभर कुणी हाक मारायला येणार नाही. उतारावर हळीव किंवा मोहरी पेरा, रोज हातानं पाणी शिंपडा (पाइपनं मारलं तर बी वाहून खाली जातं), दिवाळीपर्यंत डोंगर हिरवा होतो. बुरूज ओल्या मातीचे हातानं थापायचे, तटाला काडीनं टोचून जंग्या (बंदुका रोखायची भोकं) पाडायच्या. अर्धी करवंटी मातीत बसवली की वाघाची गुहा. ती चार वर्षांच्या पोरीची, तिथं दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मावळे बाजारात मिळतात.

थोरल्याला वेगळं काम द्या. मनचा किल्ला नको, खरा किल्ला निवडायला सांगा आणि त्याचा नकाशा शोधायला लावा. राजगड घेतला तर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला, एवढं तरी जागच्या जागी आलं पाहिजे. पाली दरवाजा कुठल्या अंगाला, चोरदिंडी कुठं, हे त्याला माहीत हवं, कारण बघायला येणारी माणसं विचारतात. आमच्या गल्लीत सहावी-सातवीतली पोरं हातात छडी घेऊन किल्ल्याची माहिती सांगायला उभी असतात. घरात चार माणसांपुढं न बोलणारं पोर तिथं घडाघडा बोलतं.

स्वतःचा झाला की संध्याकाळी बाहेर पडा. शहापूर, वडगाव, अनगोळ, जुन्या बेळगावातल्या गल्ल्या. तरुण मंडळांचे मोठे किल्ले असतात, त्यावर दिवे, कारंजी, काय काय असतं. स्वतः हातानं केलेलं पोरगं दुसऱ्याचा बुरूज कसा बघतं ते तुम्हीच बघा. सासूबाईंना सपाटीवरून चालायचं असतं, आणि कुठंही "बसा आजी" म्हणून खुर्ची पुढं येते.

नंतर एका सकाळी येळ्ळूरच्या राजहंसगडावर न्या. गडाजवळपर्यंत गाडी जाते. सिद्धेश्वराचं देऊळ आहे, २०२३ साली बसवलेला महाराजांचा भव्य पुतळा आहे, आणि वरून येळ्ळूरची भातशेती पसरलेली दिसते. मातीत केलेला तट दगडात कसा असतो ते पोरांनी हात लावून बघावं, त्यासाठी हा क्रम सांगतोय. आधी माती, मग गड.

टिळकवाडीची_आई

दादा, हे वाचून थोरला आत्ताच नकाशा शोधायला बसलाय. खूप आभार. गाडी नसलेल्या दिवसांचं कुणी सांगेल काय?

खानापूरची_मावशी

माझ्याकडं पक्कं उत्तर आहे. पॅसेंजरनं खानापूरला या. बेळगाव सोडलं की देसूर, मग इदलहोंड, मग आमचं खानापूर. प्रवास छोटा, पोरं कंटाळायच्या आत उतरायची वेळ येते. दिवाळीत दोन्ही बाजूला भात पिवळं झालेलं असतं, कुठं कापणी चाललेली. खिडकीची जागा आळीपाळीनं, स्टेशन आलं की नाव मोठ्यानं वाचायचं काम सातवाल्याला. वेळापत्रक बदलत असतं, तेव्हा येतानाची गाडी आधी बघून ठेवा.

खानापूर स्टेशनवरून रिक्षानं असोग्याला जा, जवळ आहे. मलप्रभेच्या काठी रामलिंगाचं देऊळ, दगडांतून नदी वाहते, झाडी दाट. घरून दशम्या, शेंगाची चटणी आणि दहीभात बांधून न्या. तिथं बसून जेवलेलं पोरांना लई दिवस आठवतं. मात्र एक गोष्ट हात जोडून सांगते. दिवाळीत पाण्याला अजून ओढ असते. पाय बुडवायचे ते काठावर, मोठ्या माणसानं दंड धरून. मलप्रभेत डोह कुठं आहे ते वरून कळत नाही. आणि दगडांवरचं शेवाळ तर मोठ्यांनाही पाडतं.

गाडी असेल त्या दिवशी जांबोटीवरून कणकुंबीला जा. मलप्रभा जिथं उगम पावते ते कुंड देवळापाशी आहे, माउलीचं देऊळ आहे. उलट्यांची काळजी नको, चोर्ल्याचा उतार कणकुंबीच्या पुढं लागतो. थोरल्या दोघांना नकाशा उघडून एक दाखवा. ही मलप्रभा पूर्वेला निघते, सौंदत्तीजवळ नविलतीर्थच्या धरणात अडते आणि पुढं कूडलसंगमला कृष्णेला मिळते. याच आमच्या तालुक्यात उगम पावलेली म्हादई पश्चिमेला वळते आणि गोव्यात मांडवी होऊन समुद्राला जाते. एकाच डोंगराळ मुलखातलं पाणी, एक बंगालच्या उपसागराकडं आणि एक अरबी समुद्राकडं. माझ्या नातवाला हे कळलं तेव्हा तो कुंडापाशी बराच वेळ बसून राहिला, हललाच नाही. पुस्तकातलं जलविभाजक त्याला तिथं समजलं.

कणकुंबीकडं मोबाइलला रेंज नसते बऱ्याच ठिकाणी. पाऊस पडला असेल तर जळवा असतात, मीठ जवळ ठेवा.

टिळकवाडीची_आई

मावशी, किती छान सांगितलंत. असोग्याला लहान मुलीच्या बाथरूमची सोय आहे का? हे विचारायला लागतंच.

खानापूरची_मावशी

विचारायलाच पाहिजे, बायामाणसांची निम्मी सहल त्याच काळजीत जाते. असोग्याला भरवसा ठेवू नका, स्टेशनवरच उरकून निघा. हलशीला गेलात तर नंदगड किंवा खानापूरला थांबून पुढं जा.

हलशीचं राहिलंच बघा सांगायचं. कदंबांच्या वेळची राजधानी. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत. एकात वराहानं भूदेवीला उचलून धरलंय. पोरांना आधी गोष्ट सांगा आणि मग आत न्या.

गोकाकचा_जावई

गोकाक कसं विसरलात सगळे? घटप्रभा ५२ मीटर खाली कोसळते. पाऊस चांगला झाला असेल तर दिवाळीतही धार असते. झुलता पूल आहे, पण तो लोकांसाठी खुला आहे का ते आधी विचारून घ्या. येताना करदंट (डिंक-सुकामेव्याची मिठाई) घ्यायचं, आणि गोकाकची रंगवलेली लाकडी खेळणी. मी तर म्हणतो जुलै-ऑगस्टमध्येच न्यावं, तेव्हाचं रूप काही औरच.

डॉक्टर_आई

जावईबापू, जुलै-ऑगस्टचं तुमचं म्हणणं मोठ्यांसाठी ठीक. चार वर्षांचं मूल घेऊन भर पावसात गोकाकला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. कडेचे खडक निसरडे असतात, गर्दी रेटारेटीची, आणि मूल घाबरतं ते वेगळंच. खानापूर तालुक्यातल्या धबधब्यांवर तर पावसाळ्यात वनखातं जाऊच देत नाही, ते योग्यच आहे. वज्रपोहाला पोरं नेऊ का म्हणून दर पावसाळ्यात मला कुणीतरी विचारतं. नका नेऊ.

तुमच्यातली ती खेळणी मात्र पटली. ज्या घरांत ही खेळणी पिढ्यान् पिढ्या होतात तिथं विचारून, परवानगी घेऊन रंगकाम बघता आलं तर मुलांना धबधब्यापेक्षा ते जास्त लक्षात राहील. प्रथमोपचाराचं सामान, ओआरएसची दोन पाकिटं आणि कपड्यांचा एक जादा जोड, एवढं कुठंही जाताना असू द्या.

पक्षीवेडा

गोकाकच्या वाटेवर असाल तर घटप्रभेजवळ धुपदाळचा बंधारा बघा, तिथं पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात कांड्या करकोचे येतात, थवेच्या थवे. दिवाळीत लवकर होईल, डिसेंबर-जानेवारीसाठी लक्षात ठेवा. घटप्रभा स्टेशन मिरज मार्गावरच आहे, रेल्वेनंही जमतं.

तुम्ही टिळकवाडीच्या, तुम्हाला तर व्हॅक्सिन डेपोची झाडी पायाखालची. सकाळी साडेसहाला पोरांना उठवून न्या. एक दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी चालेल. आधी डोळे मिटून दोन मिनिटं ऐकायला सांगा, किती वेगळे आवाज येतात ते बोटांवर मोजायचे. मग एकेक आवाज शोधायचा. तांबट हमखास सापडतो, ठोक ठोक आवाज करतो, पण दिसायला वेळ लावतो. पोरं शोधत राहतात. याला खर्च शून्य, आणि आजी बाकावर बसून राहू शकतात. शहराच्या मधोमध एवढी मोठी झाडं उभी आहेत ती जपायची असतील तर आत्ताच्या पोरांना त्या झाडांची सवय लागली पाहिजे.

निवृत्त_बाई

मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. सहलीला मुलं नेऊन मला एवढं कळलं की एका दिवसात एकच ठिकाण आणि प्रत्येक मुलाला एक काम. तीन ठिकाणं केली की मुलांना फक्त गाडीतली भांडणं आठवतात.

ताई, तुमच्या थोरल्याच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या घराजवळच आहे. महात्मा गांधी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते आयुष्यात एकदाच. ते अधिवेशन डिसेंबर १९२४ मध्ये भरलं, आणि भरलं आपल्या टिळकवाडीत. त्या वेळी पाण्यासाठी खणलेली विहीर आजही आहे, शेजारी वीरसौध, म्हणजे त्या अधिवेशनाचं स्मारक आहे. काँग्रेस रोडवरून तो रोज जात असेल. त्याला तिथं घेऊन जा आणि विचारा, हजारो माणसं इथं उतरली तेव्हा त्यांचं पाणी, जेवण, झोपायची सोय कशी केली असेल? बारा वर्षांच्या मुलाला सनावळी नको असते, असले प्रश्न आवडतात. माझे विद्यार्थी संडास किती खणले असतील इथपर्यंत हिशोब करत.

दुसरी सकाळ बेळगावच्या किल्ल्यात घालवा. बाहेरचा खंदक आधी दाखवा, मग दारातलं दुर्गादेवीचं देऊळ, मग कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर. ही बस्ती १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली. मंडपाच्या छताला दगडात उमललेलं मोठं कमळ आहे, खाली लोंबतं. मुलांच्या हातात कागद-पेन्सिल द्या आणि ते कमळ काढायला सांगा. जमत नाही, पाकळ्या चुकतात, पुन्हा वर बघतात, पुन्हा खोडतात. त्या खोडाखोडीत ते छत त्यांचं होतं. धाकटीला फक्त खांबाला हात लावून बघू दे, किती गुळगुळीत आहे ते. शेजारी सफा मशीद आहे. रामकृष्ण आश्रमही किल्ल्यातच आहे. स्वामी विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरात बेळगावला आले तेव्हा आधी रिसालदार गल्लीत भाट्यांच्या घरी आणि मग किल्ल्यात हरिपद मित्रांकडं राहिले. आश्रमात मुलांना शांत बसायला सांगावं लागत नाही, आपोआप बसतात. किल्ल्यात लष्कराची हद्द आहे, तेव्हा फोटो कुठं काढायचा आणि कुठं नाही हे मुलांना आधीच सांगा.

कित्तूरला जाणार असाल तर चन्नम्मा राणीच्या वाड्याचे अवशेष आणि संग्रहालय बघण्यासारखं आहे. २३ ऑक्टोबरच्या सुमारास उत्सव असतो, त्यात गर्दी फार. लहान मुलांना उत्सव संपल्यावर न्यावं.

चंदगडकर_पाटील

तुम्ही सगळं बेळगावच्या पूर्वेला-दक्षिणेला फिरवताय, पश्चिमेला पण बघा की. देवरवाडीचा वैजनाथ बेळगावपासून लांब नाही, जुनं देऊळ, थंड झाडी. तिथून पुढं महिपाळगड. किल्ल्याच्या आतच गाव वसलंय, माणसं राहतात, शेती करतात. शहरातल्या पोरांना ह्याचंच अप्रूप वाटतं.

पण माझं खरं सांगणं वेगळं हाय. दिवाळीत आमच्याकडं सुगी असते. भात कापायचं, मळायचं, आणि रताळी काढायची. तुमच्या ओळखीत, भाऊबंदांत कुणाचं ना कुणाचं शेत असणारच, बेळगुंदी, राकसकोप, उचगाव, कुठंही. त्यांना आधी फोन करा आणि पोरं घेऊन जावा. मातीच्या वरंब्यात हात घालून रताळं काढायचं काम चार वर्षांच्या पोरीलाही येतं. वेल ओढायचा, मग बोटांनी उकरत जायचं. ओढाताण केली की रताळं मधेच मोडतं, मग अर्धं मातीत राहतं. एकदा मोडलं की पोरं आपोआप हळू हात चालवायला शिकतात. बांधावर काटक्या पेटवून निखाऱ्यात भाजायची आणि राख झटकून खायची.

एवढंच ध्यानात ठेवा, की ती माणसं कामात असतात. चहा-पोह्याची अपेक्षा ठेवून जाऊ नका. आपला डबा न्या, त्यांच्यासाठीही काहीतरी बांधून न्या, आणि दोन तास खरंच हात लावा.

निपाणीची_सून

आमच्या बाजूचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. निपाणी-चिक्कोडीकडच्यांना दोन ठिकाणं सोयीची आहेत, दोन्ही हद्दीपलीकडं कोल्हापूर जिल्ह्यात. एक कणेरी मठाचं सिद्धगिरी म्युझियम. जुन्या गावगाड्यातली बलुतेदारांची कामं, घरं, जनावरं असे देखावे माणसाएवढ्या पुतळ्यांचे आहेत. खूप मोठं आहे, चालावं लागतं, आजींना सगळं झेपणार नाही. दुसरं खिद्रापूर, कृष्णेकाठचं कोपेश्वराचं देऊळ. स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे, खाली गोल शिळा, भोवती ४८ खांब. आमची मुलं खांब मोजायला लागली की हमखास कुणाचे तरी एक-दोन कमी भरतात आणि पुन्हा पहिल्यापासून मोजणी सुरू.

कडोलीचा_वाचक

दिवाळीनंतरचंही एक सांगतो. डिसेंबर ते फेब्रुवारी आपल्या खेड्यांत मराठी साहित्य संमेलनं होतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी. मुलांना संमेलन काय कळणार असं वाटतं, पण सकाळच्या ग्रंथदिंडीत शाळेची पोरं लेझीम खेळत पुढं असतात आणि दुपारी कथाकथनाला हसून हसून मांडव हलतो. मी लहानपणी वडिलांच्या सायकलवर पुढं बसून जात होतो. पुस्तकांच्या स्टॉलवर मुलाला त्याच्या हातात पैसे देऊन स्वतः एक पुस्तक निवडू द्या, तुम्ही मधे बोलू नका. जेवण गावाकडून असतं, कुणालाही उपाशी परत पाठवत नाहीत. आपल्या पोरांनी कन्नड शिकावी, इंग्रजी शिकावी, सगळं यावं. आपली भाषा एवढ्या माणसांत एकत्र ऐकू येते, हेही त्यांना वर्षातून एकदा अनुभवायला मिळावं.

टिळकवाडीची_आई

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. वीरसौध आणि व्हॅक्सिन डेपो उद्यापासूनच सुरू करतो, पाहुणे येईपर्यंत कशाला थांबायचं. आमच्या मावसदिरांचं बेळगुंदीला शेत आहे, त्यांना फोन केला, रताळी काढायची आहेतच म्हणाले.

एक अडचण उरली. आम्ही अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. किल्ला करायला खाली पार्किंगचा कोपरा मिळेल, सोसायटीनं हो म्हटलंय, पण माती कुठून आणू? नर्सरीतली माती चालते का?

गल्लीतला_किल्लेदार

नर्सरीच्या मातीत खत आणि कोकोपीट असतं, ती लिंपली जात नाही, गळून पडते. शेतातली तांबडी माती पाहिजे. बेळगुंदीला जाणारच आहात तर दिरांना विचारून चार पोती भरून आणा. पार्किंगच्या फरशीवर आधी प्लास्टिकचा कागद अंथरा, म्हणजे नंतर सोसायटीची तक्रार येणार नाही.

तोवर थांबायचं नसेल तर या रविवारी सकाळी आठला पोरांना घेऊन अनगोळला या. आमच्या मंडळाची माती तुडवायला त्या दिवशी सुरुवात आहे. जुने कपडे घाला, टॉवेल आणा. नाश्त्याला उप्पीट-शिरा मंडळाकडून. आजींसाठी खुर्ची सावलीत ठेवतो.